वाडा वाचला, भोवतालाचे काय?

पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटर अंतरावर, बेरी या जुन्या प्रांतात नोआं नावाचे खेडे आहे. मोठ्या रस्त्यापासून आत वळले की एक छोटा चौक लागतो. झाडांच्या सावलीत एक चिमुकले, बसके चर्च आणि चौकाच्या एका अंगाला, फाटकामागे, अठराव्या शतकातील एक साधा दुमजली वाडा. त्याला बुरूज नाहीत, खंदक नाही, तटबंदीही नाही. फ्रेंच लोक राजेरजवाड्यांच्या वास्तूला 'शातो' म्हणतात आणि गावाकडच्या जमीनदाराच्या घराला 'मान्वार'. नोआंचे हे घर स्वभावाने दुसऱ्या जातीचे. ल्वार नदीकाठचे भव्य महाल पाहून आलेल्या प्रवाशाला ते प्रथमदर्शनी निराशच करील.

जॉर्ज सांद या टोपणनावाने लिहिणाऱ्या ओरोर द्युपँ यांनी ८ जून १८७६ रोजी याच वाड्यात अखेरचा श्वास घेतला. त्या घटनेला ८ जून २०२६ रोजी दीडशे वर्षे पूर्ण होतात. स्मृतिवर्षाच्या निमित्ताने या लेखिकेच्या कादंबऱ्यांची, तिच्या बंडखोरीची आणि शोपँ यांच्याबरोबरच्या सहवासाची उजळणी होणे स्वाभाविकच आहे. परंतु नोआंच्या वाड्याने उभा केलेला प्रश्न साहित्यापुरता मर्यादित नाही. ग्रामीण फ्रान्समध्ये विखुरलेल्या हजारो जुन्या वास्तू कोणी सांभाळायच्या, कोणाच्या पैशाने सांभाळायच्या आणि सांभाळायचे म्हणजे नेमके काय सांभाळायचे, हा तो प्रश्न आहे. दगडी भिंती वाचवण्याचे तंत्र फ्रान्सने जवळजवळ दोनशे वर्षांत चांगलेच आत्मसात केले आहे. भिंतींच्या पलीकडे जे आहे, त्याबाबत मात्र तो देश अजून चाचपडतो आहे.

दोन घरांची गोष्ट

नोआंचे भाग्य कशात आहे, हे समजून घ्यायचे तर दुसऱ्या एका घराची हकिकत आधी पाहावी लागते. सांद यांचे स्नेही आणि 'मादाम बोव्हारी'चे लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर यांचे घर रुआं शहराजवळ, सेन नदीच्या काठी क्रोआसे येथे होते. त्यांचे बहुतेक सारे लेखन त्याच घरात झाले. १८६९च्या नाताळात आणि पुन्हा १८७३ साली फ्लोबेर नोआंला मुक्कामी आले होते. दुसऱ्या खेपेस रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हही तेथे होते. फ्लोबेर १८८०च्या मे महिन्यात वारले. त्यांच्या भाचीने पुढच्याच वर्षी घर विकले, नव्या मालकांनी ते पाडले आणि त्या जागी कारखाना उभा राहिला. आज तेथे शिल्लक आहे तो बागेच्या कडेचा एक छोटासा मंडप. तोही विसाव्या शतकाच्या आरंभी लोकवर्गणीमुळे वाचला म्हणून.

एकाच काळातील, एकाच तोलाचे दोन लेखक. एकाचे घर वर्षभरात जमीनदोस्त झाले, दुसरीचे दीडशे वर्षांनंतरही उभे आहे. हा फरक कायद्याने पडला नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १८८१ साली फ्रान्समध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. फरक पडला तो वारसांमुळे. सांद यांच्यामागे घर मुलगा मोरीस, त्यांची पत्नी लीना आणि पुढे नात ओरोर यांच्याकडे राहिले. आजी गेली तेव्हा ही नात अवघी दहा वर्षांची होती. पंचाण्णव वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या बाईंनी आजीची आठवण हेच जणू आपले जीवितकार्य मानले. १९२३ साली त्यांनी सांद यांच्या कित्येक वस्तू पॅरिस शहराच्या कार्नाव्हाले संग्रहालयाला दिल्या आणि १९५२ साली वाडा सरकारच्या स्वाधीन केला. स्वतःच्या हयातीपर्यंत तेथे राहण्याचा हक्क मात्र त्यांनी राखून ठेवला होता. १९६१ साली त्या गेल्या आणि त्याच वर्षी नोआंचे दरवाजे सामान्य माणसाला खुले झाले.

नातीची निष्ठा ही काही सरकारी धोरणाचा पाया होऊ शकत नाही. ज्या घराला अशी नात मिळत नाही, त्याचे काय, हा प्रश्न क्रोआसेच्या त्या एकाकी मंडपाने फ्रान्सपुढे ठेवला आहे.

पाडणाऱ्यांच्या विरुद्ध

फ्रान्समधील वारसा संरक्षणाचा इतिहास विध्वंसातून सुरू होतो. १७८९च्या क्रांतीनंतर चर्चची आणि परागंदा सरदारांची मालमत्ता राष्ट्राच्या नावाने जप्त होऊन लिलावात निघाली. ती घेणाऱ्यांमध्ये असे व्यापारी होते की, ज्यांना वास्तूशी कर्तव्य नव्हते. मठ आणि गढ्या विकत घ्यायच्या, पाडायच्या आणि दगड, लाकूड, शिसे विकून मोकळे व्हायचे. 'काळी टोळी' असे नाव लोकांनी त्यांना दिले. 'व्हँडॅलिझम' हा आज जगभर वापरला जाणारा शब्दही त्याच धामधुमीतला. क्रांतीच्या बाजूनेच उभे असलेल्या आबे ग्रेग्वार यांनी १७९४ साली तो रूढ केला. पुढे व्हिक्टर ह्यूगो यांनी पाडापाडी करणाऱ्यांविरुद्ध लेखणीचे युद्धच पुकारले.

१८३० साली गिझो यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक हे पद निर्माण झाले. पहिले महानिरीक्षक लुदोव्हिक व्हिते. १८३४ पासून त्यांच्या जागी प्रॉस्पेर मेरिमे आले. 'कार्मेन' ही कथा लिहिणारे तेच हे मेरिमे. घोडागाडीतून त्यांनी सारा देश पालथा घातला, पडझडीला आलेल्या चर्चची टिपणे केली, मंत्रालयाशी हुज्जत घातली. १८४० साली संरक्षणयोग्य वास्तूंची पहिली यादी तयार झाली. तीत हजाराहून थोड्या अधिक नोंदी होत्या.

मेरिमे आणि सांद यांचा परिचय जुना. १८३३ साली दोघांत अल्पकाळ प्रेमाचे नाते जुळले आणि तितक्याच लवकर ते तुटलेही. त्यानंतर दोघांनी एकमेकांविषयी फारसे चांगले बोलल्याची नोंद नाही! असे असूनही बेरीतील दोन अमूल्य ठेव्यांच्या रक्षणात ही दोन नावे जवळजवळ आढळतात. नोआंपासून दोनेक किलोमीटरवर व्हिक हे गाव आहे. तेथील धर्मगुरूला १८४९ साली सॅं-मार्तँ चर्चच्या भिंतींवरील चुन्याच्या थराखाली बाराव्या शतकातील भित्तिचित्रे आढळली. सांद यांनी मेरिमे यांच्याकडे शब्द टाकला आणि १८५० साली चर्चला संरक्षण मिळाले. दुसरे उदाहरण बूसाकच्या किल्ल्यातील 'स्त्री आणि एकशिंगी अश्व' या विणलेल्या चित्रपटांचे. मेरिमे यांनी १८४१ साली त्यांची दखल घेतली. सांद यांनी १८४४च्या 'जान' या कादंबरीत त्यांचा उल्लेख करून ती वाचकांपर्यंत नेली. १८८२ साली ती पॅरिसच्या क्ल्यूनी संग्रहालयाने घेतली. आज ती पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात.

गोम अशी की, खुद्द नोआंचे घर त्या काळच्या निकषात कोठेच बसले नसते. मेरिमे यांच्या पिढीची नजर रोमन अवशेष आणि मध्ययुगीन चर्च यांवर खिळलेली होती. शे-पाऊणशे वर्षांपूर्वीचे, कोणा अधिकाऱ्याने बांधलेले खेड्यातील घर 'स्मारक' ठरू शकते, ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या मनाला शिवली नसती. १८८७ साली पहिला कायदा झाला. ३१ डिसेंबर १९१३च्या कायद्याने त्याला खऱ्या अर्थाने दात दिले. या कायद्याने 'राष्ट्रीय हित' या अरुंद कसोटीऐवजी 'सार्वजनिक हित' ही व्यापक कसोटी आणली आणि खासगी मालकाची संमती नसतानाही वास्तूला संरक्षण देण्याचा मार्ग मोकळा केला. मालमत्तेचा हक्क क्रांतीने पवित्र ठरवलेल्या देशात हे पाऊल लहान नव्हते. सामान्य दिसणारी, परंतु इतिहासाने भारलेली घरे संरक्षणाच्या कक्षेत येऊ शकली, ती या कसोटीमुळे.

मालकी हक्काची लढाई

नोआंच्या भिंतींना महत्त्व आहे ते त्यांच्या आत जे घडले त्यामुळे, आणि त्यातही सर्वांत मोलाची घटना संगीत वा साहित्यातील नव्हे, तर कोर्टकचेरीतील आहे.

सांद यांच्या आजी, मादाम द्युपँ द फ्रांकय, यांनी हे घर १७९३ साली, क्रांतीच्या सर्वांत रक्तरंजित पर्वात विकत घेतले. राजधानीपासून दूर शांतता लाभेल, असा हिशेब असावा. तो लगेच फळाला आला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना अटक झाली आणि पॅरिसमधील इंग्रज जोगिणींच्या मठात त्यांना कैदेत ठेवण्यात आले. दैवाचा विलक्षण खेळ असा की, पुढे त्याच मठातील शाळेत त्यांनी आपल्या नातीला शिकायला ठेवले. आजी १८२१ साली वारल्या आणि सतरा वर्षांची ओरोर नोआंची मालकीण झाली.

ही मालकी वर्षभरच टिकली. १८२२ साली ओरोर यांनी कासिमिर द्युदव्हां यांच्याशी विवाह केला आणि नेपोलियनच्या दिवाणी संहितेनुसार घराचा, शेतीचा, उत्पन्नाचा कारभार पतीच्या हाती गेला. विवाहित स्त्री कायद्याच्या दृष्टीने अज्ञान समजली जाई. घटस्फोटाची सोय १८१६ साली रद्द झाली होती. ती पुन्हा येण्यास १८८४ साल उजाडावे लागले. दरम्यान ओरोर पॅरिसला गेल्या, १८३२ साली 'इंदियाना' या कादंबरीने जॉर्ज सांद हे नाव घरोघरी झाले. तरीही आजीच्या घरावर त्यांची सत्ता नव्हती. आपल्याच वाड्यात त्या एका अर्थी पाहुण्या होत्या. १८३६ साली मिशेल द बूर्ज या वकिलांच्या साहाय्याने त्यांनी कायदेशीर विभक्ततेचा दावा लढवला आणि नोआं परत मिळवले. फ्रान्समधील कोणत्याही ग्रामीण वाड्याच्या खरेदीखतात इतका स्त्री-इतिहास दडलेला क्वचितच सापडेल.

त्यानंतर हे घर खऱ्या अर्थाने फुलले. १८३७ साली लिस्ट आले, १८३८ साली बाल्झाक. देलाक्रवा तीनदा येऊन गेले. शोपँ यांनी १८३९ चा आणि पुढे १८४१ ते १८४६ असे एकूण सात उन्हाळे येथे घालवले. बी मायनर सोनाटा, ए फ्लॅट मेजर पोलोनेझ, चौथे बॅलाड या त्यांच्या प्रौढ रचनांवर नोआंचा शिक्का आहे. मोरीस यांनी बाहुल्यांचे रंगमंच उभे केले आणि त्या बाहुल्यांचे कपडे युरोपभर गाजलेल्या या लेखिकेने स्वतः शिवले. 'ला मार ओ द्याब्ल' आणि 'ला पतीत फादेत' या कादंबऱ्यांतून भोवतालचे शेतकरी, गवळी, त्यांची बोली आणि त्यांच्या जत्रा फ्रेंच साहित्यात प्रथमच एवढ्या सन्मानाने आल्या.

आज वाडा पाहताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. शोपँ यांच्या खोलीचे आवाज अडवणारे, गादी लावलेले दार तेथे आहे. खोली मात्र नाही. १८४७ साली दोघे दुरावले आणि सांद यांनी पुढे त्या खोलीचे रूप पालटून टाकले. येथे संरक्षकांपुढे नेहमीचा पेच उभा राहतो. जपायचा तो कोणता काळ? संगीतप्रेमी पर्यटकाला १८४२चे नोआं हवे असते. लेखिकेने आपल्या हाताने घडवलेले, बदललेले, त्यानंतर मुलाने, सुनेने आणि नातीने वापरलेले घर ही वेगळी वस्तू आहे. त्या दाराला एकटेच राहू देणे, हेच इतिहासाशी अधिक प्रामाणिक आहे.

श्रीमंत भावंडांचा आधार

संरक्षणाच्या खर्चाकडे वळले की चित्र अधिक स्पष्ट होते. नोआंचा कारभार 'सांत्र दे मोन्युमां नास्योनो' या सरकारी संस्थेकडे आहे. शंभराहून अधिक वास्तू तिच्या ताब्यात आहेत. पॅरिसची विजयकमान, सांत-शापेल, मों-सॅं-मिशेलचा मठ अशा मोजक्याच ठिकाणी तिकीटविक्रीतून भरघोस शिल्लक पडते आणि उरलेल्या बहुसंख्य वास्तूंचा तोटा त्यातून भरून काढला जातो. थोडक्यात, विजयकमानीवर चढणारा पर्यटक नकळत नोआंच्या छपराची डागडुजी करीत असतो. एकत्र कुटुंबातील मिळवत्या भावाने बाकीच्यांना सांभाळावे, तशीच ही व्यवस्था आहे आणि ती समंजस आहे. तिचा दुबळेपणाही तोच. महासाथीच्या काळात, २०२० साली, मिळवत्या भावांचेच दरवाजे बंद झाले, तेव्हा साऱ्या कुटुंबाच्या पोटाला चिमटा बसला.

तरीही नोआं सुखी म्हणायचे. फ्रान्समध्ये सुमारे ४५ हजार वास्तूंना ऐतिहासिक स्मारकाचे संरक्षण आहे. यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक खासगी मालकीच्या आहेत. संरक्षणाच्या पायऱ्या दोन. वरच्या पायरीवरील, म्हणजे वर्गीकृत वास्तूला शासनाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही; खालच्या पायरीवर नोंदणी झालेल्या वास्तूवर बंधने थोडी सैल, पण सरकारी अनुदानाला कमाल ४० टक्क्यांची मर्यादा. ग्रामीण मान्वार बहुतांशी या खालच्या पायरीवर किंवा दोन्ही पायऱ्यांच्या बाहेर आहेत.

खासगी मालकाला सरकार करसवलत देते. संरक्षित वास्तू लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली, तर दुरुस्तीचा खर्च करपात्र उत्पन्नातून पूर्णपणे वजा करता येतो. खुली नसेल तर निम्मा. खुली म्हणजे वर्षातून किमान पन्नास दिवस, किंवा जुलै ते सप्टेंबरमध्ये चाळीस दिवस. २००९ पासून अशा मालकाने ती वास्तू पंधरा वर्षे न विकण्याची हमीही द्यावी लागते. वारसा करातून सूट हवी असेल तर शासनाशी स्वतंत्र करार करावा लागतो. कागदावर ही रचना उदार वाटते. पण करसवलतीचा लाभ घेण्यासाठी मुळात भरपूर करपात्र उत्पन्न असावे लागते. ज्या निवृत्त शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला आजोबांचा गळका वाडा वारशाने मिळाला, त्याच्या हातात या सवलतीने काय पडणार? श्रीमंत मालकाला ती धार्जिणी आहे आणि गरीब मालकाला ती केवळ वाचण्यापुरती, अशी टीका होते. ती अगदीच निराधार नाही.

ही पोकळी भरण्यासाठी २०१८ साली 'वारसा लॉटरी' आली. राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी २०१७च्या सप्टेंबरमध्ये दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदक स्तेफान बेर्न यांच्यावर संकटग्रस्त वास्तू शोधून काढण्याची कामगिरी सोपवली होती. १९९६च्या कायद्याने स्थापन झालेली 'फोंदास्यों द्यु पात्रिम्वान' ही संस्था त्यांच्या जोडीला होती. १५ युरोंचे खरवडायचे तिकीट निघाले आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. पहिल्याच वर्षी एक विसंगती चव्हाट्यावर आली. वारशासाठी म्हणून विकलेल्या तिकिटांवर सरकार नेहमीचा कर वसूल करीतच होते. संसदेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला, तेव्हा कुठे सरकारने २ कोटी १० लाख युरो वारशाकडे वळवण्याचे मान्य केले. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे, हा खाक्या फक्त आपल्याकडेच आहे असे नाही!

लोकांच्या उत्साहाला मात्र तोड नाही. व्हिएन परगण्यातील ला मोत-शांदनिये ही गढी १९३२च्या आगीत खाक झाल्यापासून ओसाड पडली होती. भिंतींतून झाडे उगवली होती. २०१७ साली इंटरनेटवर आवाहन झाले आणि किमान पन्नास युरो भरून शंभराहून अधिक देशांतील २५ हजारांहून अधिक लोक तिचे सहमालक झाले. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दाम जळाले, तेव्हा तर देणग्यांचा आकडा ८० कोटी युरोंच्या पलीकडे गेला. २०२४च्या डिसेंबरमध्ये ते चर्च पुन्हा उघडलेही. यातून निघणारा निष्कर्ष फारसा सुखावह नाही. आगीत भडकणाऱ्या किंवा छायाचित्रात रम्य दिसणाऱ्या वास्तूंकडे पैसा धावतो. दर पावसाळ्यात थोड्या थोड्या गळणाऱ्या, कोणत्याही नाट्याविना कुजणाऱ्या घरांसाठी कोणी पाकीट उघडत नाही.

पाचशे मीटरचे वर्तुळ

भिंती वाचल्या असे धरले, तरी भोवतालाचा प्रश्न उरतोच. २५ फेब्रुवारी १९४३च्या कायद्याने प्रत्येक संरक्षित वास्तूभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ आखले. या वर्तुळात स्मारकाबरोबर नजरेस पडणारे कोणतेही बांधकाम सरकारी वास्तुरक्षकाच्या संमतीशिवाय करता येत नाही. खिडकीच्या चौकटीचा रंग, छपरावरील कौले, दुकानाची पाटी, हे सारे त्याच्या कक्षेत येते. संपूर्ण देशात हे अधिकारी दोनशेच्या आसपास आणि त्यांच्यापुढे येणारे अर्ज वर्षाला लाखांच्या घरात. साहजिकच गावोगावचे महापौर त्यांच्यावर नाराज असतात. अर्जाचा निकाल अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठरतो, एका तालुक्यात चालते ते शेजारच्यात चालत नाही, अशी त्यांची तक्रार. २०१६च्या कायद्याने यांत्रिक वर्तुळाऐवजी स्थानिक परिस्थितीनुसार हद्द ठरवण्याची मुभा दिली. २०१८च्या कायद्याने मोबाइलचे मनोरे आणि मोडकळीस आलेली राहती घरे याबाबतीत वास्तुरक्षकांचे बंधनकारक मत केवळ सल्ल्यावर आणून ठेवले. राज्यकर्त्यांचा कल कोणत्या दिशेला आहे, हे यावरून दिसतेच.

नोआंच्या संदर्भात ही चर्चा विशेष बोचणारी आहे. कारण सांद यांच्या लेखी घर आणि परिसर या दोन गोष्टी नव्हत्याच. या टापूला 'काळे खोरे' हे नाव त्यांनीच दिले. दाट कुंपणझाडांनी वेढलेली छोटी शेते, खोल गेलेल्या गाडीवाटा आणि दुरून काळपट भासणारी हिरवाई यांवरून ते पडले. फोंतेनब्लोच्या अरण्याचा काही भाग चित्रकारांच्या आग्रहाखातर १८६१ साली तोडीपासून वाचवण्यात आला होता. तेथील झाडांवर पुन्हा कुऱ्हाड येण्याची चिन्हे दिसताच १८७२ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सांद यांनी त्या अरण्याच्या बाजूने लेख लिहिला. निसर्गरम्य स्थळांच्या रक्षणाचा पहिला फ्रेंच कायदा १९०६ साली आला. त्याआधी चौतीस वर्षे ही लेखिका झाडांना स्मारकाइतकाच मान मागत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांना सोयीची मोठी शेते करण्यासाठी फ्रान्सभर कुंपणझाडे मोठ्या प्रमाणावर उखडली गेली. त्यावर स्मारकांच्या कायद्याचे काहीच चालले नाही. झाडांची रांग ही काही वास्तू नव्हे. दुसरीकडे गावे रिकामी होत आहेत. नोआं ज्या अँद्र परगण्यात आहे, तेथील लोकसंख्या गेली काही दशके घटते आहे. नोआं-व्हिक या ग्रामपालिकेत पाचशेच्या आसपास माणसे उरली आहेत. वाड्याच्या जेवणाच्या टेबलावर फ्लोबेर, तुर्गेनेव्ह यांच्या नावांच्या चिठ्ठ्यांसह ताटे मांडलेली दिसतात. ज्या शेतकऱ्यांच्या गोष्टी सांद यांनी लिहिल्या, त्यांच्या घरांवर मात्र 'विकणे आहे' अशा पाट्या दिसू शकतात आणि त्या पाटीवर कोणताही वास्तुरक्षक हरकत घेऊ शकत नाही.

बेरीतील लोकांना या नात्याची जाण नाही असे नव्हे. २००२ साली अलेक्झांडर द्युमा यांच्या अस्थी त्यांच्या गावाहून पॅरिसच्या पांतेओंमध्ये नेण्यात आल्या. पाठोपाठ, सांद यांच्या २००४च्या द्विजन्मशताब्दीच्या तोंडावर, त्यांनाही त्या राष्ट्रीय समाधीस्थानात न्यावे अशी मागणी पुढे आली. स्त्रियांना तेथे नगण्य स्थान मिळाले होते, हे पाहता मागणीमागचा हेतू निश्चितच चांगला होता. तरीही स्थानिकांनी विरोध केला आणि सांद आजही वाड्याशेजारच्या कुटुंबाच्या छोट्या स्मशानभूमीतच आहेत.

अलीकडे न्यायालयाने या वादात एक नवे दार उघडले आहे. इलिए-कोंब्रे हे गाव मार्सेल प्रूस्त यांच्या बालपणाशी आणि कादंबरीशी जोडलेले. त्याच्या परिसरात आठ पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव प्रशासनाने नाकारला. कंपनी न्यायालयात गेली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा नकार कायम केला. एखाद्या भूप्रदेशाला साहित्यातून लाभलेले स्मृतिमूल्य हेही परवानगी नाकारताना विचारात घेता येईल, असा या निकालाचा आशय आहे. कादंबरीतील वर्णनाला अशा प्रकारे कायदेशीर वजन मिळणे ही लहानसहान बाब नव्हे.

या निकालाची दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फ्रान्सने अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पांना गती देण्यासाठी कायदा केला होता. पवनचक्कीचे भाडे आणि त्यावरील कर हे कित्येक गरीब ग्रामपालिकांचे मोठे उत्पन्न असते; त्यातून शाळा चालते, रस्ते होतात, कधी कधी चर्चचे छप्परही दुरुस्त होते. ज्या गावात लेखक जन्मला नाही, त्या गावाने पवनचक्क्या सोसाव्यात आणि ज्या गावाला लेखक लाभला त्याने आपले क्षितिज राखावे, ही वाटणी न्याय्य कशी म्हणायची? शिवाय कोंब्रेला परिसर संरक्षणाचा स्वतंत्र दर्जा आधीच मिळालेला होता आणि त्यात प्रूस्त यांच्या भूदृश्याचा विचार होता. न्यायालयाचा युक्तिवाद त्या दर्जावर उभा आहे. असा दर्जा नसलेल्या ठिकाणी साहित्यिक स्मृतीचा दावा कितपत टिकेल, हे प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरणार.

नोआंच्या बागेत दोन देवदार आहेत. मोरीस आणि सोलांज या दोन मुलांच्या जन्माच्या वेळी ते लावले, असे सांगितले जाते. त्यांचे वय आता दोनशेच्या घरात गेले आहे. वाड्याच्या छपराचा खर्च विजयकमानीच्या तिकिटांतून निघेल आणि भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी १९१३चा कायदा आहे. फाटकाबाहेरच्या शेतांच्या कडेला कुंपणझाडे पुन्हा लावायची की नाही, हा निर्णय मात्र अजून त्या त्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या पिकाच्या भावाचा आहे.